फट

माझ्या पिशवीत एक डोकं असतं.
लाकडी, बिनचेहऱ्याचं, धरायला मागे मूठ.
शेजारी एक धड, त्याहून बारीक.
सहा नंबरच्या बसमध्ये ते मांडीवर घेऊन बसले
की मारिबोरची माणसं बाजूची जागा
रिकामीच ठेवतात.

कामाचा नियम एका दमात सांगता येतो:
जिथून धड जातं तिथून डोकंही गेलं पाहिजे,
नाहीतर धडही जाता कामा नये.
पोरं पाय आधी घालतात.
घाई पायांना असते.
डोकं मागून येतं,
कधी कधी येत नाही.

आणि एक साखळी, टोकाला गुंडी.
ती म्हणजे जॅकेटची नाडी.
घसरगुंडीच्या माथ्यावरून सोडायची
आणि बघायचं कुठे अडते.

ताबोरच्या बागेत ती अडली असती
मला मार्चमध्ये बोलावलं असतं तर.
बोलावलं नोव्हेंबरात,
गाश्परची नाडी अडकल्यावर.

वाचला. हे आधीच सांगते,
कोर्टाबाहेरही सगळे आधी हेच विचारायचे.
गळ्याभोवती जांभळी रेघ, तीन आठवडे.
बंद गळ्याचं तो अजून काही घालत नाही.

न्यायाधीश बाईंनी विचारलं, फट किती?
म्हटलं, अकरा मिलिमीटर.
त्यांनी अंगठा आणि तर्जनी डोळ्यांसमोर धरून
तेवढी हवा मोजली.
कोणी खोकलंसुद्धा नाही.

फट कोणाची?
पालिका म्हणाली, कंत्राटदाराची.
कंत्राटदार म्हणाला, बोल्ट आम्ही नाही बदलला.
बदलला होता फ्रान्स नावाच्या माळ्यानं,
हव्या मापाचा गोदामात नव्हता म्हणून,
आणि तसं वहीत लिहिलंही होतं,
सुवाच्य अक्षरात, तारखेसकट.
वही कोणी उघडली नव्हती.
कायदा याला निष्काळजीपणा म्हणतो.
फ्रान्स काहीच म्हणाला नाही,
टोपी चुरगाळत बसला.

मग पालिकेचा वकील वेस्नाकडे वळला.
आपण तेव्हा फोनवर होता?
होते.
कोणाशी?
औषधाच्या दुकानाशी. याच्याच खोकल्याचं.

निकाल: पालिका साठ, कंत्राटदार तीस,
आई दहा.

पायऱ्यांवर तिनं मला गाठलं.
पैशांचं नाही हो, म्हणाली,
पण तुम्ही मापं घेता ना,
मग सांगा, दहा टक्के म्हणजे
नेमका कितवा सेकंद?

माझ्या पिशवीत त्याचं माप नव्हतं.

माझ्या घरची फट मी तिला सांगितली नाही.
शेगडीच्या कडेबाहेर आलेला पातेल्याचा दांडा,
सातूचं सूप, दोन वर्षांची टिंकारा.
तिथे ना नियम होता, ना वही, ना वकील.
शंभरातले शंभर माझे.
आता ती तेवीस वर्षांची आहे,
मनगटावरचा डाग मित्रांना दाखवत
हसत सांगते, ही आईची सही.
मी हसत नाही, पण ताट वाढते.

तेव्हापासून कोणाच्याही स्वयंपाकघरात गेले
की बोलता बोलता दांडे भिंतीकडे वळवते.
लोकांना वाटतं, खोड आहे. असू दे.
नियम तरी काय,
कोणाची तरी खोडच,
कोणाच्या तरी किंकाळीनंतर लागलेली.

काल ताबोरला नवा बोल्ट आवळला.
साखळी खळखळत खाली गेली, अडली नाही.
एक मुलगी बघत उभी होती,
गुडघा ताजा सोललेला, त्यावर माती.
त्याची मी नोंद केली नाही.
तेवढं सोलायला जागा ठेवावी लागते,
नाहीतर बाग कशाला म्हणायचं.

डोक्याकडे बोट करून म्हणाली, याचं नाव काय?
याला नाव नसतं.
मग पडायला लागला
तर हाक काय मारता?

परतीच्या बसमध्ये बाजूची जागा रिकामी होती.
ते डोकं मी तिथे ठेवलं,
खिडकीकडे तोंड करून,
तोंड जिथे असायला हवं होतं ते.